एबघे

माझ्या फोनच्या कीबोर्डला एक शब्द कळत नाही. ‘एबघे’ असं टाईप केलं की तो त्याखाली लाल रेघ ओढतो आणि त्याऐवजी ‘बघे’ सुचवतो. त्याला दोष देत नाही. हा शब्द जगात फक्त दोन माणसांना येतो आणि ती दोघं गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

दर मे महिन्यात आई मला डोंबिवलीहून आजोळी नेऊन सोडायची. संगमेश्वर तालुक्यात, एसटी जिथे वळते तिथून पुढे अर्धा तास चालत. घरामागे आगर, आगराच्या टोकाला पऱ्ह्या. पऱ्ह्या म्हणजे पावसाळ्यात धावणारा आणि मे महिन्यात नुसते दगड उरलेला ओढा. मामाची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला मी ताईच म्हणायचो. मोठ्यांना कळू नये असं बोलायची आम्हाला भारी हौस होती. ‘च’ची भाषा करून पाहिली, म्हणजे ‘मला’चं ‘चलाम’ आणि ‘घर’चं ‘चरघ’. पण ती आईलाही येत होती आणि मामालाही. आजी तर आमच्यापेक्षा वेगानं बोलायची. म्हणून स्वतःची भाषा काढायची ठरली.

क्रियापदं मराठीच ठेवली, कारण तेवढा उरक नव्हता. नावं मात्र नवी. फणस म्हणजे काटोबा. कावळा म्हणजे ‘दहावा’, कारण पणजोबांच्या दहाव्याला त्याची वाट बघत आम्ही दोन तास उपाशी बसलो होतो. आजी रात्री सापाला साप म्हणायची नाही, ‘लांबडं’ म्हणायची, म्हणून सापाला आम्ही वेगळा शब्द केलाच नाही. ते काम आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं.

आणि काजवा म्हणजे एबघा.

मे संपता संपता एका संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली आणि वीज गेली. ताई मला आगरातून खाली पऱ्ह्यावर घेऊन गेली. तिथल्या ऐनाच्या झाडावर काजवे बसले होते. बसले होते म्हणण्यापेक्षा झाडच उघडझाप करत होतं. सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. मी गप्प. ताईनं माझं मनगट गच्च धरलं होतं आणि ती सारखी म्हणत होती, “ए बघ, ए बघ, ए बघ.” दुसऱ्या दिवशी दुपारी कोकम सरबत पिताना आमच्यापैकी कुणीतरी विचारलं, “काल किती एबघे असतील रे?” कुणी विचारलं यावर आमचं पुढे बरीच वर्षं भांडण होतं. दोघांचाही दावा स्वतःचाच.

शब्द झाला तसा तो आपणहून चालवलाही जायला लागला. एक एबघा, दोन एबघे, एबघ्याचा उजेड, एबघ्यांनी भरलेलं झाड. थेट घोड्यासारखा. व्याकरण शाळेत अजून यायचं होतं, तरी चुकलो नाही. रोज रात्री एबघे मोजायचे हा नेम झाला. आम्ही दोघं झालो ‘एबघेकर’. जे मोठे ‘पुरे आता, झोपा’ म्हणायचे ते सगळे ‘झोपके’. म्हणजे जगाची दोन जमातींत विभागणीही झाली.

*

एकोणिसाव्या वर्षी हॉस्टेलमध्ये मी जे. आर. आर. टॉल्कीनचं ‘द सिल्मरिलियन’ वाचायला घेतलं. सिनेमे बघून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कडे गेलो होतो आणि तिथून पुढे. खरं सांगायचं तर पुस्तक जड गेलं. नावांच्या गर्दीत हरवून मी सरळ शेवटच्या पानांवर गेलो, जिथे एल्फ लोकांच्या भाषेतल्या शब्दांची यादी आहे. तिथे ‘एलेन’ हा शब्द होता. अर्थ : तारा. आणि त्याची जन्मकथा दिली होती. कथेत एल्फ जागे होतात ते सूर्यचंद्र निर्माण होण्याआधी, एका तळ्याकाठी. डोळे उघडल्यावर त्यांना पहिल्यांदा काय दिसतं तर आकाशभर तारे. त्यांच्या तोंडून उद्गार निघतो ‘एले!’. त्याचा अर्थ, बघ! त्या उद्गारापासून ताऱ्याचं नाव पडलं एलेन. आणि त्याच ताऱ्यावरून लोकांचंही नाव पडलं, एल्दार. ताऱ्यांचे लोक. पुढे देवांनी बोलावल्यावरही पश्चिमेकडे जायला जे तयार झाले नाहीत त्यांचं नाव अवारी, म्हणजे नकार देणारे.

मी पुस्तक पालथं ठेवलं आणि ताईला फोन लावला. ती रत्नागिरीला कॉलेजात होती. म्हटलं, “अगं, आपला शब्द चोरलाय.” तिनं विचारलं, “कुणी?” मी म्हटलं, “ऑक्सफर्डच्या एका प्रोफेसरनं. १९७३ साली वारला.” ती म्हणाली, “मग झोपक्यांनाच विचार.” आणि हसत सुटली.

तेव्हापासून मला हा नाद लागला. टॉल्कीनच्या भाषांमधल्या झाडापानांचे, वाऱ्यापावसाचे शब्द आले कुठून? गंमत म्हणजे प्रत्येक शब्दाला दोन जन्मदाखले असतात. एक कथेच्या आतला : कुठल्या मूळ धातूपासून निघाला, कुठल्या टोळीच्या तोंडी कसा बदलला. दुसरा कथेच्या बाहेरचा : टॉल्कीन नावाच्या माणसाच्या डोक्यात तो कुठल्या वाटेनं शिरला. आतल्या दाखल्यांवर त्यानं आयुष्यभर कष्ट घेतले. बाहेरच्या दाखल्यांची चौकशी केली की मात्र चिडायचा. १९६७च्या एका पत्राच्या खर्ड्यात अशा शोधकांना त्यानं चांगलंच सुनावलंय. ‘मोरिया’चा बायबलमधल्या मोरियाशी संबंध नाही, ‘सॉरॉन’चा ग्रीक भाषेतल्या सरड्याशी नाही, वगैरे. पण मग त्याच पत्रात स्वतःच कबूल करतो की मोरियाचा नाद एका नॉर्वेजियन परीकथेच्या नावातून कानात राहिला असावा. माणूस गोड होता.

त्याची पहिली भाषासुद्धा पोरखेळच होती, आणि तीही भावंडांची. त्याच्या दोन मावसबहिणींनी, मेरी आणि मार्जोरी इन्कल्डन यांनी, ‘ॲनिमॅलिक’ नावाची भाषा केली होती. त्यात पशुपक्ष्यांची नावं उचलून भलत्याच अर्थानं वापरायची. कुत्रा, बुलबुल, सुतारपक्षी हे रोजच्या वाक्यातले साधे शब्द. गाढवाला शब्द ‘चाळीस’ आणि चाळीसला ‘गाढव’. पुढे मेरी आणि टॉल्कीन यांनी मिळून ‘नेव्हबॉश’ केली. १९३१ साली दिलेल्या ‘अ सीक्रेट व्हाइस’ या भाषणात त्यानं हे सगळं सांगितलंय. नावाचा अर्थ छुपं व्यसन. चाळिशीकडे झुकलेला प्राध्यापक चारचौघांत उभा राहून, मी भाषा बनवतो, असं लाजत कबूल करतोय हे चित्र मला फार आवडतं.

मोठेपणी तो कुठून कुठून वेचत गेला. क्वेन्या या त्याच्या अभिजात एल्फ भाषेच्या नादामागे फिनिश आहे. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजच्या ग्रंथालयात त्याला फिनिशचं एक व्याकरण सापडलं. तो अनुभव त्यानं अनोळखी, अप्रतिम मद्यांनी भरलेलं तळघर सापडण्यासारखा असल्याचं लिहिलंय. सिंडारिन या दुसऱ्या भाषेवर वेल्शची छाप आहे. वेल्श त्याला पहिल्यांदा भेटली ती बर्मिंगहॅममध्ये, घराजवळून जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणींवर रंगवलेल्या गावांच्या नावांतून. ‘एंट’ हे त्याचे चालतेबोलते वृक्षपाल. त्यांचं नाव जुन्या इंग्रजीतून जसंच्या तसं उचललेलं, तिथे त्याचा अर्थ राक्षस किंवा महाकाय. ‘एआरेंदेल’ हे तेजस्वी ताऱ्याचं नाव त्याला एका जुन्या इंग्रजी धार्मिक कवितेत भेटलं आणि त्या नादानं तो झपाटला. १९१४च्या सप्टेंबरात त्यानं त्यावर कविता लिहिली. मग पुढे त्या उसन्या शब्दाला एल्फ भाषेत बसवण्यासाठी समुद्राचा आणि प्रेमाचा असे दोन धातू करून त्याची अस्सल घरची व्युत्पत्ती तयार केली. दत्तक पोराला कुळाचार शिकवावा तसं.

सगळ्यांत आवडता दाखला दगडाचा. ‘गॉन्डोर’ या राज्याच्या नावात दगड आहे, ‘गॉन्ड’ किंवा ‘ओन्दो’. टॉल्कीन आठेक वर्षांचा असताना त्यानं एका छोट्या पुस्तकात वाचलं होतं की ब्रिटनमध्ये केल्ट लोकांच्या आधी जे राहत होते त्यांच्या भाषेचं काहीच उरलेलं नाही, अपवाद फार तर दोन शब्दांचा. त्यातला एक ‘ओन्द’, दगड. आणि दुसरा? दुसरा आपण विसरलो, असं त्यानं म्हातारपणी एका पत्रात लिहिलंय. हे वाचून मी किती वेळ नुसता बसलो होतो. एक अख्खी भाषा गेली, मागे दोन शब्द राहिले, त्यातला एक आठ वर्षांच्या पोराकडून हरवला. आणि उरलेल्या एकावर त्यानं राज्य बांधलं.

*

मराठी माणूस ही यादी वाचायला बसला की त्याची करमणूक वेगळीच होते. क्वेन्यात सूर्याला ‘अनार’ म्हणतात. पानाला ‘लास्से’, आणि त्याचं अनेकवचन ‘लास्सी’. माझ्या हॉस्टेलच्या भिंतीवर मी एल्फ लिपीत ‘लास्सी’ लिहून ठेवलं होतं आणि रूममेट पंजाबी होता, पुढचं सांगायला नको. पण याच पानाच्या शब्दाखाली टॉल्कीननं आपल्या टिपणांत एक नाजूक गोष्ट नोंदवलीय. पानाचा धातू आणि ऐकण्याचा धातू सारखाच दिसतो, कदाचित एकच असेल, कारण एल्फांचे कान पानाच्या आकाराचे, टोकदार. पानगळीच्या ऋतूचं नाव ‘लास्सेलान्ता’, पानं पडणं.

काळोखाला त्याच्याकडे एकच शब्द नाही. ‘मोर’ हा काळ्याचा धातू, त्यातून मोर्डोर आणि मोरिया. पण ‘लोमे’ म्हणजे संधिप्रकाश, ताऱ्यांची रात्र, जिच्यात भीती नाही. ताऱ्यांखाली जाग आलेल्या लोकांची रात्र ती, भीती वाटेल कशाला? बुलबुलासारख्या गोड गळ्याच्या नाइटिंगेलला म्हणूनच ‘लोमेलिंदे’, संधिप्रकाशात गाणारी. पऱ्ह्यावरच्या त्या रात्रीला काय म्हणायचं हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. ‘अंधार’ म्हणवत नव्हतं.

आणि ऋतू सहा! रिव्हेंडेलच्या पंचांगात वर्षाचे सहा भाग आहेत. तुइले, लाइरे, याविए, क्वेल्ले, ह्रीवे, कोइरे. त्यातले दोन ७२ दिवसांचे, बाकी चार ५४ दिवसांचे. बेरीज ३६०, वरचे दिवस वेगळे धरतात. सहा म्हटल्यावर मी आपलेपणानं त्यात वर्षा शोधायला लागलो. नाही. उन्हाळा आहे, हिवाळा आहे, पानं मावळण्याचा ऋतू आहे, हिवाळ्यानंतर माती चाळवते त्या हालचालीलाही स्वतंत्र ऋतू आहे, तोच कोइरे. पावसाळा मात्र नाही. इंग्लंडात बारा महिने पडत असताना त्याला ऋतू कोण म्हणेल?

इथे मला आजी आठवली. तिच्याकडे पावसाळा हा एक शब्दच नव्हता. मृगाचा पाऊस वेगळा, आर्द्रेचा वेगळा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघा म्हणजे सासूंचा पाऊस आणि पूर्वा सुनांचा. मी एकदा कौतुकानं तिला एल्फांचे सहा ऋतू म्हणून दाखवले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “शेती करतात का ती माणसं?” मला उत्तर देता आलं नाही. अजूनही टॉल्कीनप्रेमींच्या गप्पांत हा प्रश्न मी टाकतो आणि तिथे अर्धा तास जातो.

*

टॉल्कीनचं म्हणणं होतं की कथा आधी आणि भाषा नंतर असं त्याच्या बाबतीत घडलंच नाही. भाषा आधी होत्या, त्यांना राहायला जग हवं म्हणून कथा लिहिल्या. एस्पेरांतोसारख्या भाषांना दंतकथा नाहीत म्हणून त्या मेलेल्या आहेत असंही तो एका पत्रात लिहून गेला. इथे मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. १८८७ साली वॉर्सात एका नेत्रवैद्यानं छापून आणलेली ही भाषा आजही बोलली जाते, आणि तिच्या बोलणाऱ्यांनी आपसांत शब्दही घडवले. त्यातला एक मला चांगलाच लागला. ‘काबेई’. काझिमीर्झ बेइन नावाचा पोलिश लेखक ‘काबे’ या नावानं एस्पेरांतोत लिहायचा. उत्तम लिहायचा. १९११ साली त्यानं अचानक भाषा सोडली, चळवळ सोडली, सगळंच. तेव्हापासून कुणी असं सोडून गेलं की तो ‘काबेई’ झाला म्हणतात. ही दंतकथा नाही तर काय?

मीही काबे झालो होतो, ते कसं ते सांगायला हवं.

आजोबांनंतर घराच्या उताऱ्यावर मामासोबत आईचं नाव लागलं. आईनं हक्कसोडपत्र करून द्यावं अशी मामाची अपेक्षा होती. आईनं दिलं नाही. तिला घर विकायचं नव्हतं की पैसेही नको होते. तिला आपलं नाव तिथून खोडायचं नव्हतं, एवढंच. आईचं बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. अडचण तीच आहे. कारण आई आणि मामा सणावाराला बोलत राहिले, आणि मी आणि ताई, ज्यांचा यात काडीचा संबंध नव्हता, ते आपापल्या आईबापांचे वकील झालो. आमच्यातले शब्द हळूहळू बदलत गेले. सातबारा. फेरफार. सहहिस्सेदार. हेही गावाचेच शब्द आहेत, मातीचेच आहेत म्हणा, पण कुणी कुणाचं मनगट धरून ते उच्चारलेले नाहीत. एका रात्री मी तिला एक लांब मेसेज पाठवला. आज वर जाऊन वाचला तर त्यात ‘आमचा हिस्सा’ हे शब्द तीनदा आहेत. तिचं उत्तर एका ओळीचं होतं : ‘आमच्या घरात यायला तुला कुणी अडवलं नाही.’ त्यानंतर सहा वर्षं काही नाही.

‘आमचा’ आणि ‘आपला’ हा फरक हिंदीवाल्यांना समजावून सांगताना माझी नेहमी दमछाक होते. आम्ही म्हणजे तू सोडून. आपण म्हणजे तू धरून. मराठीला हा भेद दक्षिणेच्या भाषांच्या शेजारानं मिळाला असं भाषातज्ज्ञ मानतात. इंग्रजीत तो नाही. पण इंग्रजीच्या त्या प्रोफेसरला तो आपल्या भाषेत हवा होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागात फ्रोडो रानात भेटलेल्या एल्फांना त्यांच्याच भाषेत अभिवादन करतो. आपल्या भेटीच्या घटकेवर तारा चमकतोय, असा त्याचा मतलब. १९५४च्या आवृत्तीत त्यातला शेवटचा शब्द ‘ओमेन्तिएल्मो’ होता. दुसऱ्या आवृत्तीत तो ‘ओमेन्तिएल्वो’ झाला. एका अक्षराचा बदल. सर्वनामांची घडी नव्यानं बसवल्यावर टॉल्कीनच्या लेखी ‘ल्म’ म्हणजे आमची आणि ‘ल्व’ म्हणजे आपली असं ठरलं होतं. समोरच्याला भेटीतून वगळून त्यालाच ‘आमच्या भेटीवर तारा’ म्हणायचं, हे कसं चालेल? इंग्रजी वाचकाला या दुरुस्तीसाठी तळटीप लागते. आपल्याला लागत नाही.

हे सगळं मी कुणाला सांगणार होतो? ज्या एका माणसाला फोन करून सांगावं असं वाटलं, तिचा नंबर फोनमध्ये होता. मी लावला नाही. दोनदा नाव काढलं आणि स्क्रीन बंद केली. मग जेवायला गेलो.

यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री सव्वादहाला फोन वाजला. ताईचा व्हिडिओ. अठ्ठावीस सेकंद. उघडला तर काहीच नाही, काळी स्क्रीन, मध्येच एखादा हिरवट कण, रातकिड्यांचा आवाज आणि कुणाच्या तरी चपलेखालची खडी. काजवे मोबाइलमध्ये येत नाहीत, हे तिलाही माहीत असणार. खाली लिहिलं होतं :

‘आपल्या पऱ्ह्यावर एबघे आलेत.’

मी तो शब्द पुन्हा वाचला. एबघे नव्हे, त्याच्या दोन शब्द आधीचा. चुकून लिहिला असेल का? बोटं घाईत असतात. पण कीबोर्ड ‘एबघे’ला लाल रेघ मारतो, ‘बघे’ सुचवतो, तो शब्द घाईत लिहिता येत नाही.

वकिलासारखं काहीतरी सुचलं, ते पुसलं. सॉरी लिहिलं, तेही पुसलं. शेवटी जे आम्ही दर रात्री विचारायचो तेच लिहिलं.

‘किती आहेत?’

दोन निळ्या टिका लगेच उमटल्या. ‘टायपिंग’ दिसलं, गेलं, परत दिसलं. मग उत्तर आलं.

‘ये नि मोज.’